चौघांचे खांदे

(मंडळीच्या अभ्यासासाठीं पाठ)

शास्त्रपाठ : मार्क २:१–१२.
जोडीस वाचावें : लूक ५:१७–२६, योहान ५:१–१४, योहान ९:१–३, २ शमुवेल ९.



आपल्या खेड्यांत मयतास खांदा द्यावयास चौघे जण कधीं कमी पडत नाहींत. भाऊबंदांत बोलाचाल बंद असो, बांधाचा तंटा कचेरींत चाललेला असो, त्या दिवशीं सर्व कांहीं बाजूस ठेवून माणसें येतात, खांदा देतात, आणि मूठभर माती लोटून घरीं जातात. ही रीत चांगली आहे. ती कोणी मोडूं नये. परंतु मनुष्य जिवंत असतांना बाजेवर पडला, आणि एक दिवस नव्हे तर वर्षानुवर्षें पडून राहिला, तर त्यास उचलावयास चौघे मिळतात काय? ह्या आठवड्याच्या पाठांत असे चौघे आपणांस भेटतात. त्यांचीं नांवें शास्त्रानें सांगितलीं नाहींत. त्यांचे खांदे मात्र सर्व जगास ठाऊक झाले आहेत.

१. रविवारचा पाठ आणि सोमवारचें घर

उपदेशक बंधूंची एक नेहमींची तक्रार आहे कीं, लोक रविवारीं पाठ ऐकतात, माना डोलवितात, आणि मंदिराच्या पायऱ्या उतरतांना तो तेथेंच ठेवून जातात. तक्रार खरी आहे. पण सर्व दोष ऐकणारांचा नाहीं. पुष्कळदां आपण जो पाठ शिकवितों तो कफर्णहूमांत सुरू होतो आणि कफर्णहूमांतच संपतो. तो आपल्या वेशीच्या आंत पाऊल टाकीतच नाहीं.

ह्या बाबतींत आपल्या रोमन काथलिक शेजाऱ्यांची एक रीत पाहण्याजोगी आहे. त्यांच्यांत ३० नोव्हेंबर १९६९ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून, रविवारच्या पाठांचा तीन वर्षांचा क्रम चालू झाला. एका वर्षीं मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षीं मार्क, तिसऱ्या वर्षीं लूक. योहान हा विशेषेंकरून मोठ्या सणांच्या काळांत वाचतात. ज्यास हा क्रम लक्षांत ठेवावयाचा असेल त्यानें इसवी सनाच्या आंकड्यास ३ नें भागावें. बाकी १ उरली तर मत्तयाचें वर्ष, २ उरली तर मार्काचें, आणि कांहीं न उरलें तर लूकाचें. एवढें मात्र ध्यानांत असावें कीं, त्यांचें वर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. तें आधींच्या नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभीं सुरू होतें. ह्याच क्रमावरून बेतलेला, प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपयोगाचा असाही एक क्रम १९९२ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

रविवाराशिवाय आठवड्याच्या प्रत्येक दिवसासही त्यांच्यांत शुभवर्तमानाचा एक भाग नेमलेला असतो, व त्यावर थोडक्यांत मनन लिहून तें रोजच्या संसाराशीं जोडण्याची चाल आहे. अशा मननाच्या चार पायऱ्या बाराव्या शतकांत गिगो नांवाच्या एका मठवासीयानें मांडिल्या : वाचन, मनन, प्रार्थना, आणि देवासमोर शांत राहणें. अलीकडे पुष्कळ जण तीस पांचवी पायरी जोडतात, ती म्हणजे कृति.

त्यांच्या व आपल्या शिक्षणांत भेद आहेत, ते आम्ही लपवीत नाहीं. परंतु शुभवर्तमान दोघांचें एकच आहे. मार्काचा हा पाठ त्यांच्या मंदिरांत सामान्यतः दरवर्षीं जानेवारीच्या मध्यास एका शुक्रवारीं वाचला जातो. तो आपणही वाचूं या, आणि पांचवी पायरी चुकवूं नये. ती पायरी कोठें उतरते हें समजावें म्हणून आम्हीं खडकी हें गांव निवडिलें आहे.

२. खडकी

पुण्याहून आगगाडीनें मुंबईकडे निघालें, कीं शिवाजीनगर सोडल्यावर खडकीचें स्टेशन लागतें. गांवाच्या नांवांतच खडक आहे. येथें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली. पुढें छावणी वसली. १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. मुंबई सॅपर्स ह्या सैनिकांचें ठाणेंही येथेंच आहे. छावणींत ऑल सेंट्स हें आपल्या परंपरेचें मंदिर आहे, तसेंच संत इग्नेशियस हें काथलिकांचें मंदिर आहे. सारांश, हें गांव शिपायांचें आणि कामकऱ्यांचें.

जेथें शिपाई असतात तेथें जायबंदी माणसेंही असतात. पहिल्या महायुद्धांत अपंग झालेल्या हिंदी शिपायांस धंदा शिकविण्याकरितां १९१७ सालीं निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था आज खडकींत आहे. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ सालीं, येथें आणखी एक गृह स्थापन झालें. त्यास पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर असें म्हणतात. ज्या सैनिकांच्या पाठीच्या कण्यास इजा होऊन कमरेखालचें किंवा मानेखालचें शरीर निर्जीव झालें, त्यांच्यासाठीं हें गृह आहे. तेथें चाकांच्या खुर्चीवर बसून चेंडूचे सामने खेळतात. ज्यांचे हातही गेले, त्यांच्यापैकीं कित्येक तोंडांत कुंचला धरून चित्रें काढतात.

प्रिय वाचकहो, ह्या गृहाच्या दाराशीं उभे राहून मार्काचा दुसरा अध्याय मोठ्यानें वाचावा, असें आपणांस कोणी सांगितलें, तर आपला आवाज कोठें अडखळेल? आम्हांस वाटतें कीं, शेवटच्या वचनापाशीं अडखळेल. कारण पाठांतला पक्षाघाती मनुष्य उठून चालूं लागला; खडकीचे हे बंधु चालूं लागले नाहींत. मग हा पाठ त्यांच्यासाठीं नाहीं काय? हा प्रश्न मनांत ठेवूनच आपण पाठाकडे वळूं.

३. दार अडविणारे लोक वाईट नव्हते

कफर्णहूम गांवाचे अवशेष भूमि खणून बाहेर काढले आहेत. तेथील घरें काळ्या पाषाणाचीं होतीं, जसा आपल्या दक्षिणेंतला काळा दगड. वर लांकडी तुळया, तुळयांवर फांद्या, फांद्यांवर चिखलाचा थर, असें सपाट छप्पर असे. आपल्यापैकीं ज्यांचा जन्म धाब्याच्या घरांत गेला त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर माती टाकून ती चोपावी लागते, आणि एका ठिकाणीं जरी ती खचली तरी सर्व घर गळतें, हें त्यांस ठाऊक आहे. लूक कौलें काढल्याचें सांगतो, मार्क छप्पर उकरल्याचें सांगतो. कसेंही असो, खालीं बसलेल्यांच्या डोक्यांवर माती पडली असली पाहिजे, आणि प्रभूचें भाषण मध्येंच थांबलें असलें पाहिजे.

आतां एक गोष्ट नीट पाहा. त्या मनुष्यास आंत जाण्यास अडथळा कोणाचा झाला? चोरांचा नव्हे, शत्रूंचाही नव्हे. दार अडविणारे लोक वचन ऐकावयास आलेले होते. त्यांचीं तोंडें प्रभूकडे होतीं आणि पाठी त्या बाजेकडे. ह्यांत त्यांस कांहीं वाईट वाटलें असेल असेंही दिसत नाहीं. मागें कोणी उभें आहे हें कदाचित् त्यांस कळलेंच नसेल. मंडळीचें पाप पुष्कळदां असेंच असतें. आपण भक्तींत इतके गुंतलेले असतों कीं आपली पाठ कोणाचें दार झाकते आहे हें आपणांस दिसत नाहीं.

आणि त्या घराचा धनी? त्याचें छप्पर फुटलें. त्यानें आरडाओरड केली असें शास्त्र सांगत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें छप्पर कोणीं लिंपिलें हेंही सांगत नाहीं. परंतु जे हात एका मित्रासाठीं छप्पर उकरतात ते हात तें पुन्हा लिंपावयास येतातच, असा आमचा समज आहे. दया करणारानें दुसऱ्याचें नुकसान तसेंच टाकून जाऊं नये.

४. विश्वास कोणाचा पाहिला?

हा ह्या पाठाचा गाभा आहे, आणि उपदेशकांनीं तो वर्गांत दोनदां वाचवावा. पांचव्या वचनांत प्रभूनें विश्वास पाहिला असें म्हटलें आहे. कोणाचा? वचनांत शब्द अनेकवचनी आहे. प्रभूनें त्यांचा विश्वास पाहिला. पक्षाघाती मनुष्य एक शब्दही बोलला नाहीं. त्यानें वर येण्याची इच्छा केली होती कीं नाहीं, तो थकून निराश झाला होता कीं काय, हें मार्कानें लिहिलें नाहीं. ज्या विश्वासाचा उल्लेख आहे त्यांत वाहणाऱ्या चौघांचा विश्वास आहे, आणि तो विश्वास प्रभूस त्यांच्या खांद्यांत व मातीनें भरलेल्या हातांत दिसला.

हें आम्ही इतकें आग्रहानें कां सांगतों? समजा, तुमच्या गांवीं एक तरुण चिंचा झोडतांना झाडावरून पडला आणि त्याचे पाय गेले. मंडळीचे लोक आले, त्यांनीं प्रार्थना केली. कोणी बाहेरचा बोलका उपदेशकही आला. त्यानें मोठ्यानें आज्ञा करून त्यास उठावयास सांगितलें. तो उठला नाहीं. मग जातां जातां त्याच्या आईस सांगण्यांत आलें कीं, मुलाचा विश्वास कमी आहे. असे बोल आपल्या मंडळ्यांत बोलले जातात, हें नाकारतां येत नाहीं. पाय गेलेल्या मुलाचा त्या एका बोलानें देवही नेला जातो.

बंधूंनो, ज्याच्या अंगीं तसें बोलण्याचें धैर्य असेल त्यानें हें पांचवें वचन प्रथम वाचावें. विश्वास तपासावयाचाच असेल, तर शास्त्राप्रमाणें बाजेवरच्या मनुष्याचा तपासण्याआधीं वाहणाऱ्यांचा तपासावा. तो बरा झाला नाहीं ह्याचा जाब त्यास विचारण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला नाहीं. आपण त्याची बाज उचलली कीं नाहीं, ह्याचा जाब मात्र आपणांस द्यावा लागेल.

५. पाप आणि पांगळेपणा

कोणी म्हणेल, “परंतु प्रभूनें त्यास प्रथम पापांची क्षमा दिली. ह्यावरून त्याचा आजार पापामुळेंच आला होता, असें ठरत नाहीं काय?” हा प्रश्न योग्य आहे, त्याचें उत्तर शास्त्रावरूनच देऊं.

आपल्या देशांत पांगळेपणा हें पूर्वकर्माचें फळ, ही समजूत फार जुनी आहे. आपण ख्रिस्ती झालों तरी ती आपल्या बोलण्यांतून सर्वस्वीं गेलेली नाहीं. फक्त पूर्वजन्माऐवजीं बापाचें किंवा स्वतःचें पाप म्हणतों. प्रभूच्या शिष्यांसही हाच प्रश्न पडला होता. जन्मांध मनुष्य पाहून त्यांनीं विचारिलें कीं, पाप ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारिलीं (योहान ९:३). शिलोहांतील बुरूज पडून १८ माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, असें त्यानेंच विचारून त्याचेंही उत्तर नाहीं असें दिलें (लूक १३:४, ५).

योहान ५:१४ मध्यें बऱ्या झालेल्या एका मनुष्यास पुन्हा पाप न करण्याविषयीं प्रभूनें बजाविलें, हेंही आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु तें प्रभूनें म्हटलें, जो अंतःकरणें जाणतो त्यानें. आणि त्यास बरें केल्यावर, मागाहून भेटून म्हटलें. आपण तें बरें न करतां, चार लोकांत, अंतःकरण न जाणतां म्हणतों. दोहोंत फार अंतर आहे.

मग क्षमा प्रथम कां? कारण क्षमेची गरज त्या मनुष्यास जशी होती तशी चौघांस होती, घरधन्यास होती, आणि मनांत कुरकुर करणाऱ्या शास्त्र्यांसही होती. प्रभूनें बाजेवरच्या मनुष्यास कुष्ठ्यासारखें दूर न ठेवितां मुला अशी हांक मारिली, आणि जें सर्वांस लागतें तें त्यास सर्वांआधीं दिलें. त्यास केवळ एक मोडकें शरीर म्हणून पाहिलें नाहीं. जखमेआधीं माणूस पाहिला.

६. पांचव्या वचनापासून अकराव्या वचनापर्यंत

आतां खडकीच्या त्या दाराशीं परत येऊं.

पांचव्या वचनांत क्षमा झाली. उठण्याची आज्ञा अकराव्या वचनांत आहे. मधल्या वचनांत काय आहे? शास्त्र्यांचा मनांतला वाद, आणि प्रभूचें त्यांस उत्तर. हा सर्व वेळ तो मनुष्य कोठें होता? बाजेवरच होता. पाय निर्जीव, हात निर्जीव. आणि तरीही क्षमा पावलेला, देवाचा मुलगा म्हटलेला, प्रभूच्या अगदीं समोर. त्या वेळीं त्याच्या तारणांत कांहीं उणें होतें काय? मुळींच नव्हतें. जर त्याच क्षणीं पाठ संपला असता, तरी तो शापित म्हणून नव्हे, तर मुलगा म्हणूनच घरीं नेला गेला असता.

पुष्कळ भक्त ह्या मधल्या वचनांतच सर्व आयुष्य काढतात. त्यांच्यासाठीं अकरावें वचन पुनरुत्थानाच्या दिवशीं येईल. पौलानें शरीरांतला कांटा काढण्याविषयीं तीन वेळां विनंति केली. कांटा निघाला नाहीं, कृपा मात्र पुरली (२ करिंथ १२:७–१०). योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पांच वर्षांचा असतांना त्याची दाई त्यास घेऊन पळत होती. तिच्या हातून तो पडला व दोन्ही पायांनीं पांगळा झाला. त्यांत त्याचें पाप कोणतें? पुढें दाविदानें त्यास लो-दबाराहून आणवून आपल्या पंक्तीस बसविलें. त्या अध्यायाच्या शेवटल्या वचनांत दोन गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत : तो राजाच्या मेजावर नित्य जेवीत असे, आणि तो दोन्ही पायांनीं पांगळा होता. पाय बरे झाले नाहींत. पंक्तींतली जागाही गेली नाहीं.

जो चालत नाहीं तो कांहीं करूं शकत नाहीं, असेंही कोणी समजूं नये. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत असतांना १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं अधू झाले. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडासामन्यांत त्यांनीं ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. त्या सामन्यांतलें भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. त्यांचे पाय परत आले नाहींत; ते पोहले. खडकीचे बंधु तोंडानें चित्रें काढतात, तेंही असेंच. ही देवाची देणगी आहे, आणि ती पाहून पाठांतल्या लोकांप्रमाणें आपणही देवाचें गौरव करावें.

परंतु हें ध्यानांत असूं द्या कीं, त्यांपैकीं कोणीही एकट्यानें तेथवर पोंचला नाहीं. कोणीं तरी उचललें, कोणीं औषधपाणी केलें, कोणीं शिकविलें. बेथेस्दा तळ्याच्या कांठीं एक मनुष्य ३८ वर्षें आजारी होता. पाण्यांत सोडावयास आपणांस कोणी माणूस नाहीं, एवढीच त्याची व्यथा होती (योहान ५:७). एका पाठांत चार माणसें आहेत, दुसऱ्यांत एकही नाहीं. तुमचें गांव ह्या दोहोंपैकीं कोणत्या पाठासारखें आहे?

७. चौघांचीं चार कामें

२०११ च्या शिरगणतींत भारतांत २ कोटी ६८ लाख, व एकट्या महाराष्ट्रांत २९ लाखांहून अधिक अपंग लोक मोजले गेले. तेव्हां असा कोणी आपल्या पंचक्रोशींत नाहीं, असें म्हणणें कठीण आहे. पांचवी पायरी म्हणून मंडळीनें पुढील चार कामें चार जणांत वांटून घ्यावीं.

पहिला खांदा, नीट उचलणारा. झाडावरून, विहिरींत किंवा मोटारीवरून पडलेल्या मनुष्याच्या मानेस किंवा पाठीस इजा झाली असेल, तर त्यास बखोटीस धरून उठवूं नये, बसवूं नये, पाठुंगळीस घेऊं नये. कण्याच्या आंतली दोरी अशा ओढाताणीनें अधिक तुटते, आणि जे पाय वांचते तेही जातात. १०८ ह्या क्रमांकावर गाडी बोलवावी. ती येईतों त्यास हालवूं नये. नेणें भागच पडलें, तर डोकें, मान व पाठ एका रेषेंत ठेवून चौघांनीं मिळून सपाट फळीवर घ्यावें. पाठांतल्या चौघांनीं बाज सपाट उतरविली, हें लक्षांत ठेवा.

दुसरा खांदा, कूस बदलणारा. ज्याच्या अंगास स्पर्श कळत नाहीं त्यास एकाच कुशीवर पडून जखमा होतात, आणि त्या त्यास दुखतही नाहींत. त्या चिघळून पुष्कळ जण दगावतात. म्हणून अंथरुणांत त्याची कूस साधारणपणें दर दोन तासांनीं बदलावी, कातडी रोज पाहावी, अंथरूण कोरडें असावें. दिवसा हें काम घरची बाई करिते. रात्रीं तिला झोंप नसते. मंडळींतील कोणी आठवड्यांतून दोन रात्री जरी तेथें निजला, तरी त्या घरास शब्बाथ मिळेल.

तिसरा खांदा, कचेरींत जाणारा. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें २१ प्रकारचें अपंगत्व मान्य केलें आहे. सरकारी रुग्णालयांतून तपासणीचा दाखला व ओळखपत्र मिळतें. निदान ४० टक्के अपंगत्व ठरलें तर पुष्कळ सवलती लागू होतात. निराधार असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीं तहसील कचेरींत अर्ज करितां येतो. हे कागद ज्यास बाजेवरून उठतां येत नाहीं त्यानें कसे मिळवावे? जो उपदेशक लिहूं वाचूं शकतो त्यानें एक दिवस त्याच्याबरोबर जावें. त्या दिवशीं कोणी उपदेश ऐकला नाहीं तरी चालेल. त्या दिवशींचा उपदेश तोच.

चौथा खांदा, छप्पर उकरणारा. आपल्या मंदिरास पायऱ्या किती आहेत तें मोजा. चाकांच्या खुर्चीस एक फूट उंची चढावयास बारा फूट लांबीचा उतार लागतो. तीन पायऱ्यांसाठीं दगडमातीचा असा उतार मंडळीचे लोक स्वतःच्या हातांनीं एका सुटीच्या दिवसांत बांधूं शकतात. आणि आंत आल्यावर त्यास ओसरीवर किंवा चपलांपाशीं बसवूं नये. चौघांनीं त्यास मध्यभागीं, प्रभूच्या समोर उतरविलें होतें.

हीं चार कामें झाल्यावर एक पांचवें राहतें, आणि तें त्या मनुष्यानें करावयाचें आहे. ज्या बाजेनें त्यास वाहिलें ती बाज प्रभूनें त्याच्याच खांद्यावर दिली. वाहिलेला मनुष्य वाहणारा झाला. म्हणून ज्यास आपण मंदिरांत आणतों त्यास सर्वकाळ दयेचा धनी करून ठेवूं नये. त्यास शास्त्रपाठ वाचूं द्या, शब्बाथशाळेंत मुलें शिकवूं द्या, मंडळीचा हिशेब लिहूं द्या, दुसऱ्यांसाठीं प्रार्थना करूं द्या. ज्याचे पाय चालत नाहींत त्याच्याही खांद्यावर कोणाचा तरी भार घालण्याजोगा असतो.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. घराचें दार कोणीं अडविलें होतें? आपल्या मंडळींत आज कोणाच्या पाठी कोणाचें दार अडवितात?
२. पांचव्या वचनांतील विश्वास कोणाचा? तो प्रभूस कशांत दिसला?
३. पांचव्या व अकराव्या वचनांच्या मधल्या काळांत त्या मनुष्यास काय मिळालेलें होतें, व काय मिळालेलें नव्हतें?
४. आपल्या गांवांत बाजेवर कोण आहे? त्याच्याकडे आपण शेवटचे केव्हां गेलों होतों? (ह्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत नांव घेऊन द्यावें, व त्याच आठवड्यांत कोण जाणार तें ठरवावें.)

घरीं रोज वाचावें

सोमवार : मार्क २:१–५. मंगळवार : मार्क २:६–१२. बुधवार : २ शमुवेल ४:४ व अध्याय ९. गुरुवार : लूक १४:१२–२४. शुक्रवार : योहान ९:१–७. शनिवार : गलती ६:१–५.

प्रार्थना

हे प्रभु येशू, तूं खिळलेल्या हातांनीं आम्हां सर्वांस उचलिलें आहेस. आमच्या गांवांत जे बाजेवर पडून आहेत त्यांचीं नांवें तुला ठाऊक आहेत. तीं आम्हांसही आठवूं दे. आम्हीं त्यांस जे कठोर बोल बोललों त्यांची आम्हांस क्षमा कर. ज्यांस तूं आज उठवीत नाहींस त्यांस तुझ्या मुखासमोर ठेव, आणि त्यांच्या घरांतील जागणाऱ्या आईबापांस विसांवा दे. ते मेल्यावर खांदा देण्याची वाट न पाहतां, ते जिवंत आहेत तोंच आमचे खांदे तुझ्या कामीं लाव. आमेन.